निवृत्तीनंतरचे रंगनाथन कुणी बघितलेत का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन झाला आणि तुमच्या पेपरात तीन-चार ठिकाणच्या बातम्या एकत्र करून छापल्या होत्या. सगळीकडे साधारण तोच फोटो, म्हणजे टेबलावर डॉ. एस. आर. रंगनाथन यांची तसबीर, तिला हार, मागे प्राचार्य नाहीतर अध्यक्ष, आणि अगदी कडेला अर्ध्या कापल्या गेलेल्या ग्रंथपाल मॅडम, ज्यांनी बहुतेक तो हार स्वतःच्या पैशाने आणला असणार. हार घालण्याबद्दल माझी काही तक्रार नाही, आमच्या वाचनालयातही आम्ही घालतो. पण बातमीत रंगनाथनांबद्दल एकच वाक्य असतं, 'भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक'. एकदा कुणाला जनक म्हटलं की विषय संपतो, पुढे त्या माणसाने काय केलं हे विचारायची गरजच उरत नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कात्री लावलीत तरी चालेल पण बनारस ते बंगलोरचा भाग कृपया ठेवा.

मी काही ग्रंथालयशास्त्र शिकलेला माणूस नाही. बँकेत नोकरी केली, आता तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाचा चिटणीस आहे, म्हणजे अनुदानाचे कागद, सीएकडचे हिशेब आणि गळकं छप्पर हे माझं खातं. रंगनाथन मी वाचले ते कपाट आवरताना हाताला लागले म्हणून.

त्यांचं नोकरीतलं आयुष्य थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना थोडंफार माहीत असतं. तंजावर जिल्ह्यातल्या शियाळी गावचा, १८९२ चा जन्म, गणितात एम.ए., मंगळूर कोइमतूर आणि मग मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत होते, बोलताना अडखळायचे तरी शिकवायचे. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले आणि काही दिवसांतच इतके कंटाळले की परत कॉलेजात घ्या म्हणून गेले! वर्गात पोरं असायची, इथे नुसती कपाटं. तेव्हा त्यांना सांगितलं गेलं की आधी लंडनला जाऊन ये, आल्यावरही नको वाटलं तर बघू. लंडनला गेले आणि माणूसच बदलला. तिथली सार्वजनिक वाचनालयं बघितली, त्यात कामगार, बायका, मुलं सगळी येऊन बसतात हे बघितलं, आणि एका मोठ्या दुकानात मेकॅनो नावाचं खेळणं बघितलं, त्याच त्याच पट्ट्या आणि नटबोल्ट जोडून वेगवेगळी वस्तू बनवायची. विषयांचंही असंच करता येईल, आधीपासून हजारो कप्पे पाडून ठेवण्यापेक्षा सुटे भाग ठेवावेत आणि पुस्तक आलं की जोडावेत, ही कल्पना तिथून आली म्हणतात. १९३१ ला त्यांचे ग्रंथालयाचे पाच नियम पुस्तकरूपाने आले, १९३३ ला कोलन वर्गीकरण, म्हणजे सुटे भाग जोडून पुस्तकं विषयवार लावायची त्यांची पद्धत, आलं.

आता हे कोलन आमच्याकडे कुणी वापरत नाही हेही सांगून टाकतो. कॉलेजात बहुतेक ठिकाणी ड्युई, म्हणजे विषयांना आकडे देण्याची अमेरिकन पद्धत, चालतं आणि आमच्यासारख्या वाचनालयात तर कथा, कादंबरी, चरित्र, धार्मिक, बाल असे कपाटावर कागद चिकटवलेले असतात. पण सुट्या भागांची ती कल्पना मात्र रोज तुमच्या हातात आहे. मोबाईलवर शर्ट घेताना तुम्ही साईज, रंग, किंमत, कापड असं बाजूला टिक करत जाता आणि शर्ट कमी कमी होत जातात, ते जवळपास तेच आहे. एका वस्तूकडे अनेक अंगांनी बघायचं आणि प्रत्येक अंग वेगळं ठेवायचं. रंगनाथनांनी ते पुस्तकांसाठी नीट मांडून ठेवलं होतं, कॉम्प्युटर आपल्याकडे यायच्या कितीतरी आधी. माहितीशास्त्र माहितीशास्त्र म्हणतात त्याची आपल्याकडची सुरुवात ती.

तर आता मुद्द्याचं. १९४५ च्या सुमारास, वीसेक वर्षांच्या नोकरीनंतर, या माणसाने मद्रास विद्यापीठ सोडलं. वय बावन्न-त्रेपन्न. असं म्हणतात की त्या वीस वर्षांत सुट्टी अशी घेतलीच नाही आणि रोज तेरा तेरा तास काम. (मला असा बॉस नको होता हे प्रामाणिकपणे सांगतो, आणि घरच्यांचं काय झालं असेल हाही विचार येतोच.) आता घरी बसून अभ्यास-लिखाण करायचं असा बेत होता. पण बनारस हिंदू विद्यापीठाचे कुलगुरू तेव्हा डॉ. राधाकृष्णन होते, त्यांनी बोलावलं. तिथे जवळजवळ एक लाख पुस्तकं होती आणि त्यांची मांडणी लागलेली नव्हती. रंगनाथनांनी ती पुस्तकं दोनेक वर्षांत स्वतः वर्गीकृत केली. एक लाख! आमच्याकडे दाखलनोंद वहीत नवीन पुस्तकं चढवायची म्हटली तरी दोन महिने जातात. मोठा नावाजलेला माणूस, पुस्तकं लिहिलेला, पण खुर्चीत बसून 'तुम्ही असं करा' म्हणून सांगितलं नाही, स्वतः एकेक पुस्तक हातात घेतलं.

मग १९४७ पासून पंचावन्नच्या आसपासपर्यंत दिल्ली विद्यापीठ, तिथे या विषयाचं वरचं शिक्षण आणि पीएचडीपर्यंतची सोय उभी केली. आंतरराष्ट्रीय समित्या, दिल्लीतल्या नव्या संस्था, सगळं चालूच. दोन वर्षं झुरिकला राहून लिहीत बसले, परत येऊन दोन वर्षं उज्जैनच्या विक्रम विद्यापीठात शिकवलं. आणि १९६२ मध्ये, वयाच्या सत्तरीला, बंगलोरमध्ये प्रलेखनाचं, म्हणजे माहितीचे कागद नोंदवून हवे तेव्हा सापडतील असे ठेवण्याच्या कामाचं, संशोधन आणि प्रशिक्षण देणारं केंद्र सुरू केलं, ते डीआरटीसी. त्याला पाठबळ दिलं भारतीय सांख्यिकी संस्थेने, म्हणजे तिचे संस्थापक महालनोबिस यांनी. १९६५ ला सरकारने राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक केलं. २७ सप्टेंबर १९७२ ला बंगलोरलाच गेले, तोपर्यंत पोरांना शिकवणं आणि लिहिणं चालूच होतं.

आणि पैसा? १९५६ च्या सुमारास त्यांनी स्वतःच्या बचतीतले एक लाख रुपये मद्रास विद्यापीठाला दिले, ग्रंथालयशास्त्राचं प्राध्यापकपद तयार करायला, आणि त्याला नाव दिलं पत्नीचं, शारदा. ज्या विद्यापीठातून हा माणूस मनाविरुद्ध बाहेर पडला असं म्हणतात त्याच विद्यापीठाला. छप्पन सालचे एक लाख म्हणजे काय, हे जुन्या बँकवाल्याला विचारा, तेव्हा शहरात घरं व्हायची त्यात. पुढे पुस्तकांचे हक्कसुद्धा शारदा रंगनाथन यांच्याच नावाच्या निधीकडे गेले. म्हणजे हयातभर मिळवलं ते सगळं परत त्याच विषयात घातलं.

हे सगळं मी का सांगतोय तर महाराष्ट्रात दरवर्षी कॉलेजांतून विद्यापीठांतून ग्रंथालय आणि माहितीशास्त्राचे प्राध्यापक, मोठे ग्रंथपाल निवृत्त होतात. सेवापूर्ती सोहळा होतो, शाल श्रीफळ, गौरव अंक, त्यात विद्यार्थ्यांचे लेख, 'सरांनी आम्हाला घडवलं', सगळं खरंच असतं. पेन्शनही चांगली आहे, मिळालीच पाहिजे, त्याबद्दल माझी पोटदुखी नाही. पण त्यानंतर सर कुठे जातात? कुठल्यातरी कॉलेजच्या चर्चासत्रात बीजभाषण, कुठल्यातरी समितीवर, परीक्षक म्हणून. आणि सरांच्या घरापासून पाच मिनिटांवर जे सार्वजनिक वाचनालय असतं, जिथे लहानपणी सर स्वतः वर्गणी भरून पुस्तकं न्यायचे, तिथे सरांचं पाऊल पडतं ते बारा ऑगस्टला. प्रमुख पाहुणे म्हणून. हार घालायला.

अपवाद आहेत. आमच्या जिल्ह्यातच एक बाई आहेत, नाव लिहिलं तर रागावतील, त्या कॉलेजमधून निवृत्त झाल्यावर दर आठवड्याला एका खेड्यातल्या वाचनालयात जातात आणि तिथली सगळी यादी त्यांनी हळूहळू कॉम्प्युटरवर घेतली. कोहा नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, न्यूझीलंडच्या लोकांनी केलेलं, ते त्यांनी तिथल्या मुलीला शिकवलं आणि ती मुलगी आता दुसऱ्या गावातल्यांना शिकवते. एवढंच मागणं आहे, याहून मोठं काही नाही.

आता कुणी म्हणेल की हे सरकारचं काम आहे, निवृत्त माणसाच्या गळ्यात का मारता. यावर मी बराच विचार केला. तामिळनाडूत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये, ग्रंथालय कायदा १९४८ ला आला, स्वतंत्र भारतातला पहिला, त्यामागे रंगनाथन होते, १९३० पासून ते कायद्याचा मसुदा घेऊन फिरत होते. त्या कायद्यात घरपट्टीबरोबर थोडा ग्रंथालय उपकर घ्यायची सोय आहे आणि वाचनालयं सरकारी यंत्रणा चालवते. आपल्याकडचा कायदा १९६७ चा. आपल्याकडे उपकर नाही. आपल्याकडे बहुतेक वाचनालयं चालवतात संस्था, म्हणजे गावातले पाच-पंधरा लोक, आणि सरकार देतं अनुदान, अ ब क ड वर्गाप्रमाणे, तेही हप्त्यांत. याचा अर्थ काय होतो बघा. तिकडे माणूस सरकारी पगारावर असतो. इकडे सगळा डोलारा माझ्यासारख्या बिनपगारी चिटणिसावर आणि शेतमजुरापेक्षा कमी पैशात काम करणाऱ्या ग्रंथपालावर उभा आहे. सरकारने अनुदान वाढवायलाच पाहिजे, त्यासाठी मोर्चे निघतात आम्हीही जातो, पण आपली व्यवस्थाच अशी आहे की गावातल्या जाणत्या माणसाने वेळ दिला तर ती चालते नाहीतर नुसती रजिस्टरं चालतात. म्हणून फुकट वेळ देणाऱ्या तज्ज्ञाची गरज तिकडच्यापेक्षा इकडे जास्त आहे. हे माझं मत आहे, चुकीचं वाटलं तर कुणीतरी उत्तर लिहावं, आवडेल.

आणि आपल्याला हे नवीन आहे असंही नाही हो. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाचा माणूस आणला आणि गावोगाव फुकट वाचनालयं, पुस्तकांच्या फिरत्या पेट्या सुरू केल्या, तेव्हा रंगनाथन कॉलेजात शिकत होते. कोल्हापूर संस्थानाने १९४५ ला ग्रंथालय कायदा केला, मद्रासच्याही आधी. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. हे आपण भाषणात सांगतो पण ही सगळी त्या काळच्या शिकल्यासवरल्या लोकांनी, वकील मास्तर मामलेदार यांनी संध्याकाळी दोन तास देऊन चालवलेली होती हे सांगत नाही.

प्राध्यापक मंडळी येऊन करणार काय, हा प्रश्न एका सरांनी मला विचारला होता, थोडं हसून. त्यांना वाटलं असेल आम्ही पुस्तकावरची धूळ झटकायला बोलावतोय. तर आमच्याकडची परिस्थिती सांगतो. सकाळी आठ वाजता कुलूप उघडायच्या आधी पंचवीस-तीस पोरं बाहेर उभी असतात, तलाठी, पोलीस भरती, एमपीएससी. ती आमची पुस्तकं घेत नाहीत, स्वतःची पुस्तकं आणतात, त्यांना हवी असते जागा, पंखा, लाईट आणि चार्जिंग. आमच्या कार्यकारिणीतले काही ज्येष्ठ म्हणतात हे वाचक नाहीत, यांना कशाला जागा द्यायची. मी म्हणतो हेच वाचक आहेत. रंगनाथनांचा दुसरा नियम आहे, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. त्या पोराचा ग्रंथ म्हणजे गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका, राज्याची आर्थिक पाहणी, एखादा शासन निर्णय, जो सरकारी वेबसाईटवर आहे पण कसा शोधायचा हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. तो यूट्यूबवर कुणीतरी क्लासवाल्याने सांगितलेलं खरं मानतो आणि व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ पाठ करतो, त्यात निम्मं जुनं निम्मं चुकीचं. आता मला सांगा, माहिती कुठे असते, खरी कुठली खोटी कुठली, मूळ कागद कसा गाठायचा, हे शिकवण्यात ज्यांची अख्खी नोकरी गेली त्यांच्यासाठी याहून चांगला वर्ग कुठे आहे? पंचवीस-तीस पोरं, स्वतःहून आलेली, हजेरी न घेता. कॉलेजात एवढी तरी बसायची का सर?

दुसरं काम पुस्तकं बाद करायचं. हे कुणाला सांगितलं तर धक्का बसतो, पण आमच्याकडे वाळवी लागलेली, पानं गळलेली, तीस वर्षांत कुणी न नेलेली पुस्तकं कपाटं अडवून बसलीयेत आणि नवीन पुस्तकं खाली गठ्ठ्यात. बाद करायला भीती वाटते, तपासणीत संख्या कमी दिसली तर? शिवाय त्यातलं एखादं दुर्मीळ असलं तर? ते ओळखायला जाणकार माणूस लागतो. तो कपाटासमोर दोन दिवस उभा राहिला तर आमचं दहा वर्षांचं काम होईल. एखाद्या जुन्या मासिकाचे अंक असतील तर ते जपायचे कसे, स्कॅन करायचे का, कुणाला द्यायचे, हे आम्हाला कळत नाही. तिसरा नियम प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक असा आहे, पण आमच्याकडे वाचकालाच माहीत नाही की त्याचं पुस्तक तळाच्या गठ्ठ्यात आहे.

आणि बायका. दुपारची वेळ बायकांना सोयीची असते आणि बहुतेक ठिकाणी आपलं वाचनालय नेमकं दुपारी बंद, कारण माणूस नाही. १९३१ मध्ये मन्नारगुडीला बैलगाडीतून पुस्तकं गावोगाव न्यायला सुरुवात झाली होती, रंगनाथन त्या चळवळीत होते. बैलगाडी. आणि आपण आज दुपारी दोन तास कुलूप उघडू शकत नाही.

विद्यापीठांनाही एक सांगणं आहे. प्राध्यापकांच्या बढतीला शोधनिबंध मोजता, चर्चासत्रं मोजता, एखाद्या सार्वजनिक वाचनालयाला वर्षभर दिलेला वेळ का मोजत नाही? नोकरीत असताना वाचनालयाशी नातं जुळलेलं असलं तर निवृत्तीनंतर माणूस आपोआप येतो, नसेल तर कितीही पत्रं लिहा. एम.लिबच्या, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाच्या, मुलांना पुण्यामुंबईच्या मोठ्या ग्रंथालयांत पाहणीला नेतात, ते बरोबरच आहे, पण एकदा ड वर्गाच्या वाचनालयातही न्या, एका खोलीचं, जिथे ग्रंथपाल, निर्गम सहायक (पुस्तकं देणारा-घेणारा), शिपाई सगळं एकच माणूस असतो. नोकऱ्या कुठे आहेत आणि कशा आहेत तेही कळेल त्यांना.

संपादक साहेब, तुमच्याकडून एक हवंय. २७ सप्टेंबरला रंगनाथनांची पुण्यतिथी असते, त्या दिवशी कुणी काही छापत नाही. त्या दिवशी जिल्ह्यातल्या वाचनालयांची वेळ आणि गरज अशी साधी यादी छापाल का, म्हणजे अमक्या गावाला यादी करायला माणूस हवा, तमक्याला मुलांसाठी गोष्टी सांगणारं कुणी हवं. जिल्हा ग्रंथालय संघाकडून वाचनालयांची नावं मिळतील, गरजा ज्याने त्याने स्वतः कळवाव्यात, आमची मी कळवतो.

आणि वाचणारे जे कुणी निवृत्त सर मॅडम असतील त्यांना, आमचं वाचनालय सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं, सोमवारी बंद. आधी फोन करायची गरज नाही. प्रवासखर्चाचा ठराव मी मीटिंगमध्ये मांडतो, एक-दोघं विरोध करतील पण पास होईल. येताना चष्मा आणि जुने कपडे आणा, वरच्या फळीवरची पुस्तकं फार वर्षं कुणी काढलेली नाहीत आणि शिडी आमच्याकडे आहे.

आपला,
एका तालुका वाचनालयाचा चिटणीस
(कृपया नाव छापू नये, कार्यकारिणीला अजून विचारलेलं नाही)